हंसध्वनी : तिरुवारूर ते भेंडीबाजार

कुंभकोणमजवळ नाच्चियारकोविल नावाचे गाव आहे. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या पितळेच्या समया ओतत आले आहेत. बैठक, दांडा, तेलाची वाटी, शेंडा असे एकेक भाग वेगळे ओतायचे, घासून चकचकीत करायचे आणि मग आट्यांवर फिरवून एकावर एक बसवायचे. सगळ्यात वर, शेंड्यावर, बहुधा एक पक्षी बसवलेला असतो. मान बाकदार, छाती भरलेली, शेपटीच्या जागी वेलबुट्टीचा झुपका. तिकडे त्याला अन्नम म्हणतात. आपला हंस तो हाच. कावेरीच्या खोऱ्यातल्या कुठल्याही तळ्यावर असा पक्षी दिसणार नाही, कारण तो तळ्यातून आलेलाच नाही. तो कथेतून आला आहे.

पाण्यातून दूध निवडून घेणारा, मानससरोवरात मोती टिपणारा, सरस्वतीला पाठीवर घेणारा हा हंस मराठी वाचकाला नवा नाही. नळाच्या हाती सापडून माणसासारखा बोलू लागलेला हंस रघुनाथ पंडितांच्या आख्यानातून शाळेच्या पुस्तकापर्यंत आला. ज्ञानदेवांनी अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आपले लहानपण सांगताना राजहंसाच्याच चालीचा दृष्टांत घेतला. काव्यात, शिल्पात, समईवर, साडीच्या काठावर हंस होताच. अठराव्या शतकात, मराठ्यांच्या तंजावूर राज्यात, तो गाण्यात आला आणि एका रागाचे नाव झाला. पुढच्या दोनशे वर्षांत हा राग कावेरीकाठाहून मुंबईच्या भेंडीबाजारात पोचला आणि तिथून मराठी घराघरांत गेला. या वाटेवर मराठी माणसे दोनदा भेटतात, आधी आश्रयदाते म्हणून आणि मग शिष्य म्हणून. पहिल्या भेटीची आठवण आपण जवळजवळ पुसून टाकली आहे. तंजावूर म्हटले की आपल्याला सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आठवतो. तिथे काय गायले जात होते हे आठवत नाही.

लोककथेतला पक्षी संगीतात शिरल्याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण रशियाचे आहे. तिथल्या कथांत झार-प्तित्सा, म्हणजे अग्निपक्षी, रात्री राजाच्या बागेतली सोन्याची सफरचंदे खायला येतो. त्याचे एक पीस हाती लागले तरी अंधारी खोली उजळून निघते. काश्चेई नावाच्या दुष्ट मायावी राजाचा जीव एका अंड्यात लपवलेला असतो. आपल्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो तसा. ईगोर स्त्राविन्स्की या जेमतेम २८ वर्षांच्या संगीतकाराने या कथांवरच्या बॅलेसाठी संगीत लिहिले आणि २५ जून १९१० रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात ते पहिल्यांदा वाजले. दुसऱ्या दिवसापासून स्त्राविन्स्की हे नाव युरोपभर झाले. त्या संगीतात पक्ष्याची फडफड आहे, झळाळी आहे, त्याची सुटकेसाठीची तडफड आहे, संपूर्ण कथाच आहे. हंसध्वनीचे तसे नाही. त्यात कथा नाही, पंखांचा आवाज नाही, पहिल्या प्रयोगाची तारीख नाही. पाच स्वर आणि एक नाव एवढेच भांडवल. म्हणून त्याचा इतिहास शोधायचा तर माणसांच्या मागून जावे लागते.

पहिली माणसे तंजावूरचे राजे. १६७६ च्या सुमारास शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तिथल्या गादीवर बसले, तेव्हा त्यांना भातशेतीचा सुपीक मुलूख मिळाला आणि त्याबरोबर गाण्याची एक भरलेली पेढी मिळाली. आधीच्या नायक राजांनी ती जमवली होती. रघुनाथ नायक स्वतः वीणेचे जाणकार आणि कवी. त्यांचे मंत्री गोविंद दीक्षित संगीतशास्त्री. गोविंद दीक्षितांचे पुत्र व्यंकटमखी यांनी ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ लिहिली आणि सप्तकातल्या स्वरांची मांडणी किती प्रकारांनी होऊ शकते याचे गणित मांडून ७२ मेळ सिद्ध केले. कर्नाटक संगीत आजही त्याच चौकटीवर उभे आहे.

राज्य बदलले की दरबारातली कला उठून जाते, असा सर्वसाधारण अनुभव. तंजावुरात तसे झाले नाही, आणि याचे श्रेय भोसल्यांना निःसंकोचपणे द्यायला हवे. हिशेब मोडीत लिहिले जाऊ लागले, घरात मराठी बोलली जाऊ लागली, पण गाणे तेलुगूत होते ते तेलुगूतच राहिले. शहाजीराजांनी १६८४ ते १७१२ या काळात स्वतः तेलुगू आणि मराठीत नाटके रचली. त्यांचे धाकटे बंधू तुळजाराजे १७२८ ते १७३६ गादीवर होते; त्यांनी संस्कृतात ‘संगीतसारामृत’ लिहिले. हा ग्रंथ ज्या जुन्या आधारांवर उभा आहे त्यांत शार्ङ्गदेवांचा ‘संगीतरत्नाकर’ मोठा, आणि तो लिहिला गेला देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी. तेराव्या शतकात महाराष्ट्रात मांडलेले शास्त्र अठराव्या शतकात एका मराठी राजाने कावेरीकाठी पुन्हा उलगडले.

रत्नाकरातली एक यादी इथे मुद्दाम आठवावी. सात स्वर कोणत्या प्राण्यांच्या आवाजातून घेतले ते शार्ङ्गदेव सांगतात: मोराचा षड्ज, चातकाचा ऋषभ, बोकडाचा गांधार, क्रौंचाचा मध्यम, कोकिळेचा पंचम, बेडकाचा धैवत, हत्तीचा निषाद. या सभेत हंसाला जागा नाही. संस्कृत कवींनी त्याच्या आवाजाला नूपुरांची उपमा दिली, पण शास्त्राने त्याला स्वर दिला नाही. तो मिळाला तुळजाराजांच्या नंतरच्या पिढीत.

रामस्वामी दीक्षितांचा जन्म १७३५ चा, म्हणजे तुळजाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरचा. घर वैदिक ब्राह्मणांचे. युद्धाच्या धामधुमीत कुटुंब गाव सोडून कुंभकोणमच्या बाजूला गोविंदपुरम इथे येऊन राहिले. रामस्वामी सतरा-अठरा वर्षांचे असतानाच आईवडील गेले. गाण्याची ओढ त्यांना तंजावुरात घेऊन आली. प्रतापसिंहराजांच्या दरबारात तेव्हा मेलट्टूरचे वीरभद्रय्या होते. त्यांच्याकडे रामस्वामी शिकले. मग तिरुविडैमरुदूरला व्यंकटमखींच्या वंशातल्या वेंकटवैद्यनाथ दीक्षितांकडे ७२ मेळांची विद्या घेतली. दरबाराची रंगतदार गायकी आणि मेळांचे काटेकोर शास्त्र या दोन्ही गोष्टी एकाच माणसात आल्या, ही मला या कथेतली कळीची गोष्ट वाटते. नुसत्या शास्त्रातून नवा राग निघतो तो कागदावर राहतो. नुसत्या गळ्यातून निघतो तो गळ्याबरोबर जातो.

शिक्षण संपल्यावर रामस्वामी तिरुवारूरला राहिले. तिथले त्यागराजस्वामींचे देऊळ प्रचंड, कमलालय तळेही विस्तीर्ण, आणि देवाचा रथ दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या रथांपैकी एक. उत्सवात कोणत्या प्रसंगी नागस्वरावर काय वाजवायचे याची पद्धत रामस्वामींनी बसवून दिली असे सांगतात. याच रामस्वामींनी हंसध्वनी राग प्रचारात आणला, असे परंपरा मानते.

रागाची घडण बघण्यासारखी आहे. सा, रे, ग, प, नी. सगळे शुद्ध. मध्यम नाही, धैवत नाही. मराठी कानाला ओळख पटवायची तर भूप घ्यावा आणि त्यातला धैवत काढून तिथे शुद्ध निषाद ठेवावा. एवढ्या एका बदलाने भूपाची शांत बैठक मोडते आणि राग एकदम उठून उभा राहतो. निषाद षड्जाच्या अगदी खाली आहे. तो सारखा वर ढकलत राहतो. शिवाय या पाच स्वरांतला कोणताही एकटा नाही. षड्जाला पंचम साथ देतो, गांधाराला निषाद, आणि पंचमाला वरचा ऋषभ. प्रत्येकाचा संवादी हाताशी असल्यामुळे तंबोऱ्यावर हा राग लावला की पहिल्याच आवर्तनात जागा भरून जाते. गमकांचे मोठे ओझे नको, वक्र चाल नको, आरोहात एक आणि अवरोहात दुसरे अशी अट नको. चढताना जे पाच, उतरताना तेच पाच. नवखा शिष्य तो आठ दिवसांत धरतो आणि मोठा गवई तासभर गाऊ शकतो. गाळलेले दोन स्वर, क्रौंचाचा मध्यम आणि बेडकाचा धैवत, दोन्ही तळ्याकाठच्या रहिवाशांचे. ते गेले आणि हंस उरला! या योगायोगावर मी काही रचू इच्छित नाही, पण तो मनातून जात नाही हेही खरे.

रामस्वामींच्या तिरुवारूरच्या वास्तव्यातच राज्याचे दिवस फिरले. अर्काटच्या नबाबाने खंडणीच्या थकबाकीचे निमित्त केले, मद्रासच्या कंपनी सरकारने त्याला फौज दिली, आणि १७७३ मध्ये तंजावूरचा किल्ला पडला. दुसरे तुळजाराजे कैदेत गेले. लंडनहून उलटा हुकूम आला आणि १७७६ मध्ये गव्हर्नर पिगट स्वतः तंजावूरला येऊन राजांना गादीवर बसवून गेला. मद्रासला परतल्यावर त्याच्याच कौन्सिलने त्याला अटक केली आणि तो नजरकैदेतच मेला. पाठोपाठ १७८१ मध्ये हैदर अलीची फौज कावेरीच्या खोऱ्यात शिरली. शेते ओस पडली, गुरे गेली, माणसे परागंदा झाली. ज्या भाताच्या जिवावर देवळे आणि दरबार गवयांना पोसत होते ते भातच पिकेनासे झाले.

अशा काळात दीक्षितांचे घर मद्रासकडे वळले. मद्रासच्या उत्तरेला मनली नावाचे गाव आहे. तिथले जमीनदार मुद्दुकृष्ण मुदलियार हे त्याच पिगटचे दुभाषे होते. ते तिरुवारूरला दर्शनाला आले असताना रामस्वामींची विद्या त्यांनी पाहिली आणि त्यांना मनलीला नेले. मराठी राजांना गादी परत देणाऱ्या गव्हर्नरचा दुभाषा आणि हंसध्वनीच्या कर्त्याचा आश्रयदाता एकच असावा, यावरून त्या वेळचे राजकारण आणि गाणे किती जवळजवळ चालले होते हे कळते. मनलीलाच रामस्वामींनी १०८ राग आणि १०८ ताल एका माळेत ओवणारी प्रचंड रचना केली.

मुदलियारांचे चिरंजीव दीक्षितांच्या मुलांना मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात इंग्रजी बँड ऐकायला नेत. थोरले मुद्दुस्वामी तेव्हा तरुण होते. त्यांनी त्या इंग्रजी चालींवर संस्कृत शब्द बसवले. आज त्यांना नोट्टुस्वर साहित्य म्हणतात आणि लहान मुलांना ती गाणी आवर्जून शिकवतात. धाकटे बालुस्वामी एका युरोपीय वादकाकडून फिडल शिकले. व्हायोलिन कर्नाटक संगीतात आले ते बव्हंशी या एका मुलामुळे. आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक बैठक होत नाही. बँडच्या त्या चाली शंकराभरणाच्या स्वरांत चपखल बसणाऱ्या होत्या, म्हणजे आपल्या बिलावलाच्या. हंसध्वनीचे पाचही स्वर याच सप्तकातले. घरात हा राग, किल्ल्यात त्याच स्वरांचा परदेशी बाज, आणि दोन्ही ऐकणारी एकच पोरे. त्या घरातल्या कानांना दूरचे संगीत परके वाटेनासे झाले, ते याच वयात.

मुद्दुस्वामी पुढे चिदंबरनाथ योगी नावाच्या संन्याशाबरोबर काशीला गेले आणि काही वर्षे तिथे राहिले. तिथे त्यांनी हिंदुस्थानी धृपद जवळून ऐकले. त्यांच्या संथ, सावकाश उलगडणाऱ्या रचनांत त्याची छाया जाणकारांना दिसते. परत आल्यावर बराच काळ त्यांनी तिरुवारूरला काढला. त्या देवळात आणि भोवताली गणपतीची सोळा स्थाने मानतात. त्यांपैकी एक वातापी गणपती. वातापी म्हणजे आपल्या शेजारची बदामी. पल्लव राजा नरसिंहवर्मन याने ६४२ मध्ये चालुक्यांची ही राजधानी लुटली तेव्हा त्याच्या सेनापतीने तिथला गणपती दक्षिणेत नेला, अशी तिकडची परंपरा. या गणपतीवर मुद्दुस्वामींनी संस्कृत कृती रचली, आदिताल घेतला, आणि राग वडिलांचा: हंसध्वनी.

‘वातापि गणपतिं’ ही ती कृती. कर्नाटक संगीतात तिच्याएवढी लोकांच्या तोंडी बसलेली दुसरी कृती क्वचितच सापडेल. वडिलांचा राग कदाचित पन्नास वर्षांत विसरला गेला असता. मुलाच्या या एका रचनेने त्याला मरू दिले नाही. रागाला टिकायला एक मोठी रचना लागते, हे आपल्याकडेही खरे आहे.

या सुमारास, तंजावुरापासून अवघ्या काही कोसांवर तिरुवैयारूला त्यागराज राहत होते. त्यांचा जन्म १७६७ चा, तोही तिरुवारूरचाच. श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुद्दुस्वामी हे कर्नाटक संगीताचे त्रिमूर्ती. तिघेही एकाच गावात, पंधरा वर्षांच्या आत जन्मले. त्यागराजांनीही हंसध्वनीत रामावर कृती केल्या. म्हणजे एका घरचा राग आता दुसऱ्या मोठ्या परंपरेनेही स्वीकारला. त्यांचे शिष्य वेंकटसुब्बय्यर तंजावूर शहरातल्या मानंबुचावडी वस्तीतले. हंसध्वनीतला आज सर्वांत जास्त शिकवला जाणारा वर्णम त्यांच्या नावावर आहे. वर्णम म्हणजे शिष्याच्या गळ्याला वळण लावणारी रचना. राग वर्णमात आला की तो रोजच्या रियाजात गेला असे समजावे.

राजवाड्यात तेव्हा दुसरे सरफोजीराजे होते. १७९८ ते १८३२ ही त्यांची कारकीर्द. ग्रंथसंग्रह, छापखाना, वैद्यक, इंग्रजी बँड या सगळ्यांवर त्यांचा जीव. मुद्दुस्वामींकडे शिकलेले पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ त्यांच्याच दरबारातले. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाची आजची मांडणी त्यांनी घालून दिली. १८३५ च्या दिवाळीत, नरकचतुर्दशीला, मुद्दुस्वामी एट्टयपुरम इथे वारले. तिथल्या जमीनदारांकडे त्यांचे व्हायोलिनवाले भाऊ बालुस्वामी दरबारी गवई होते. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुरुष वारस नसताना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. १७९ वर्षांची मराठी गादी संपली.

गादी संपली तरी मराठी आश्रय लगेच संपला नाही. शेवटच्या राजांचे जावई सखारामसाहेब यांच्या पदरी लावणी वेंकटराव नावाचे मराठी कवी होते. त्यांनी सखारामसाहेबांवर ७२ मेळांची नावे गुंफून मराठी काव्य रचले. त्याला चाली दिल्या महावैद्यनाथ अय्यर यांनी, म्हणजे मानंबुचावडीकरांच्याच शिष्याने. कल्पना करा: व्यंकटमखींची ती अवघड चौकट, एकेक ओळ एकेका मेळात, आणि शब्द मराठी! पुढे अय्यरांनी त्याच चालींवर शंकराची संस्कृत स्तुती बसवली. आज ‘मेळरागमालिका’ म्हणून संस्कृतच गातात. मराठी शब्द मागे पडले, ते गाणारे कुणी उरले नाही म्हणून. याची हळहळ वाटते. कर्नाटक संगीताच्या एवढ्या मोठ्या रचनेचा पहिला पेहराव मराठी होता, हे किती मराठी रसिकांना ठाऊक आहे?

विद्या एट्टयपुरमला जिवंत राहिली. बालुस्वामींच्या मुलीचा मुलगा सुब्बराम दीक्षित त्यांनी दत्तक घेतला होता. घरची सगळी ठेव, रामस्वामींपासूनची, त्याच्याकडे आली. ती ठेव सुब्बरामांनी ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ या तेलुगू ग्रंथात स्वरलिपीसह उतरवली. तो १९०४ मध्ये एट्टयपुरमलाच छापला गेला. रामस्वामी आणि मुद्दुस्वामी यांच्याबद्दल आज आपण जे सांगतो त्यातले बहुतेक या ग्रंथातून आले आहे. आणि त्याच वर्षी मुंबईचे एक वकील रेल्वेने, बैलगाडीने दक्षिणेत फिरत फिरत सुब्बराम दीक्षितांच्या दारात येऊन उभे राहिले: विष्णु नारायण भातखंडे. त्यांना व्यंकटमखींचा ग्रंथ हवा होता, आणि तो दीक्षितांकडून मिळाला. हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत वर्गवारी करताना भातखंड्यांपुढे ७२ मेळांचा नमुना होता. आपल्या गांधर्व परीक्षांत मुले थाट पाठ करतात, त्यामागे एट्टयपुरमची ती भेट आहे.

भातखंड्यांमुळे दक्षिणेचे शास्त्र मुंबईत आले. राग गाण्यातून आला, तो दुसऱ्याच दाराने. मुरादाबादकडच्या बिजनौर गावातून छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ १८७० च्या सुमारास मुंबईत आले आणि भेंडीबाजारात राहिले. वस्तीचेच नाव घराण्याला पडले. छज्जू खाँचे पुत्र अमान अली खाँ, जन्म १८८८ चा. दरबारांतून दूर, व्यापारी शहराच्या गजबजीत हे घराणे वाढले. मुंबईत सगळ्या प्रांतांचे लोक होते. माटुंग्याला दक्षिणी वस्ती वाढत होती, कर्नाटक गायकांच्या तबकड्या निघत होत्या. अमान अलींनी कर्नाटक संगीताचा डोळसपणे अभ्यास केला. त्यांची लयीशी खेळणारी सरगम ऐकली की दक्षिणेच्या कल्पनास्वरांची आठवण होते.

हंसध्वनी त्यांना का भावला असावा हे त्यांच्या घराण्याच्या रियाजातून समजते. भेंडीबाजारवाल्यांचा जीव मेरखंडावर. मेरखंड म्हणजे स्वरांच्या क्रमाचे सगळे पालटे गिरवणे. सात स्वरांचे पालटे होतात ५०४०; ते गाऊन पुरे व्हायचे नाहीत. पाच स्वरांचे होतात १२०. ते हाताच्या टप्प्यात येतात, आणि हंसध्वनीत चालीचे बंधन नसल्याने त्यातले पुष्कळसे रागात बिनबोभाट बसतात. दीक्षितांनी राग मोकळा ठेवला होता. अमान अलींना मोकळाच हवा होता. त्यांनी त्यात द्रुत बंदिश बांधली, ‘लागी लगन’. तिचा मुखडा ऐकताना ‘वातापि’च्या उठावाची सावली स्पष्ट जाणवते. ते जसेच्या तसे उचललेले नाही. कर्नाटक कृतीत ओळ एकेका संगतीने वाढत जाते. इथे मुखडा समेवर येतो आणि मधली जागा सरगमेला, तानेला सोडून देतो. घर तेच ठेवून त्यांनी दारे-खिडक्या बदलल्या.

आता दुसरी मराठी भेट. अमान अलींच्या शिष्यांत रमेश नाडकर्णी होते, वसंतराव देशपांडे यांनीही त्यांच्याकडून विद्या घेतली, आणि १९४० च्या दशकात लता मंगेशकर त्यांच्याकडे शिकल्या. १९५३ मध्ये खाँसाहेब गेले. तीनच वर्षांनी ‘परिवार’ या चित्रपटात सलील चौधरींनी हंसध्वनीत ‘जा तोसे नहीं बोलूँ कन्हैया’ हे गीत बांधले आणि ते लताबाई व मन्ना डे यांनी गायले. गुरूने उत्तरेत रुजवलेला राग शिष्येच्या आवाजात रेडिओवरून देशभर गेला. ज्यांनी रामस्वामी दीक्षितांचे नाव कधी ऐकले नव्हते, भेंडीबाजारही पाहिला नव्हता, ते सा रे ग प नी गुणगुणू लागले.

बैठकीत या रागाला भारदस्तपणा दिला तो इंदूरच्या अमीर खाँनी. भेंडीबाजाराशी त्यांच्या घराचे जुने नाते होते आणि अमान अलींबद्दल त्यांना अपार आदर. त्यांनी हंसध्वनीत अतिविलंबित ख्याल मांडला आणि त्यानंतर ‘लागी लगन’ घेतली. दक्षिणेत हा राग उजळ, चपळ, आरंभाचा. अमीर खाँनी तो खाली आणला, खर्जात बसवला, एकेका स्वरावर थांबून बघितला. गांधारावरचा त्यांचा मुक्काम ऐकला की हाच राग तिकडे मैफल गरम करण्यासाठी वापरतात यावर विश्वास बसत नाही. मला हा या प्रवासातला सर्वांत मोठा बदल वाटतो. राग उत्तरेत आला एवढेच झाले नाही, त्याचा स्वभाव रुंदावला.

तिकडे मात्र त्याची जागा पक्की राहिली. विसाव्या शतकात अरियाकुडी रामानुज अय्यंगार यांनी कर्नाटक बैठकीचा जो क्रम घालून दिला त्यात वर्णमनंतर गणपतीची कृती येते, आणि ती पुष्कळदा ‘वातापि’ असते. तंजावूर जिल्ह्यात जन्मलेल्या पापनाशम शिवन यांनीही हंसध्वनीत गणपतीच गायला. राग आणि देवता यांची गाठ तिथे इतकी घट्ट बसली आहे की एकाने दुसऱ्याची आठवण यावी.

ती गाठ इकडेही आली. अंजनीबाई मालपेकर या मूळच्या गोव्याकडच्या, नझीर खाँच्या शिष्या; किशोरी आमोणकर सुरुवातीच्या काळात काही दिवस त्यांच्याकडे शिकल्या. किशोरीताईंची मूळ तालीम जयपूर-अत्रौलीची, आईकडून मिळालेली, आणि त्या घराण्यात हंसध्वनी हा काही खास राग नव्हे. तरी त्यांनी तो आपलासा केला. त्यांच्या ध्वनिमुद्रणात द्रुत बंदिश आहे ती विघ्नहर गजाननाची. बदामीहून तिरुवारूरला गेल्याचे सांगतात त्या गणपतीचा राग, तेराशेहून अधिक वर्षांनी, मुंबईत एका मराठी गायिकेच्या गळ्यातून गणपतीसाठीच उमटला. ते ध्वनिमुद्रण आजही गणेशोत्सवात वाजते, आणि हिंदुस्थानी-कर्नाटक जुगलबंदी ठरली की दोन्हीकडचे कलावंत सर्वांत आधी ज्या रागांवर एकमत करतात त्यांत हंसध्वनी असतोच.